वाऱ्याचं हट्टी पिल्लू

एकदा काय झालं, वाऱ्याचं एक पिल्लू मागे राहिलं. हो, वाऱ्याचं! तुम्हाला वाटतं वारा म्हणजे नुसती हवा. तसं नाही बरं का. एका डोंगराकडे वारा कळपानं हिंडायचा. मोठमोठी करडी कुत्री, पाय जमिनीला लागत नाहीत, शेपटी हलली की झाडं वाकतात. अशी ती एकदा धावत गेली आणि त्यांचं एक पिल्लू करवंदीच्या जाळीत अडकून पडलं.

ते सापडलं साळूबाईला. साळूबाई एकटी राहायची, आंबेटेक गावाच्या अगदी कडेला. पळसाची पानं आणायची आणि पत्रावळी लावायची. त्या दिवशी पानं खुडायला गेली, तर जाळीत काहीतरी कुईकुई करतंय. तिनं उचललं. मांजराएवढं पिल्लू, पण वजन काहीच नाही. ओंजळीत नुसता गारवा! साळूबाईच्या अंगावर काटा आला. पण तिनं ते खाली ठेवलं नाही. पदरात गुंडाळून घरी आणलं आणि नाव ठेवलं भिरक्या.

भिरक्या गोड होता, पण हट्टी! असा हट्टी की विचारू नका. भुंकला की सगळ्या पत्रावळी उडून पिंपळावर. अंग झटकलं की शेजारची कौलं खाली. चौथ्या दिवशी रायाजी पाटील दारात उभे.

"साळूबाई, काल तुझ्या कुत्र्यानं माझ्या आईला खाटेसकट उचललं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं!"

"अगं बाई! लागलं का हो त्यांना?"

"लागलं नाही. हसत होती. पण उद्या हा घर उचलेल. वैशाखी पुनवेपर्यंत ह्याला वळण लाव, नाहीतर डोंगरात सोडून ये."

साळूबाईनं भिरक्याला पदराखाली घेतलं. कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणीतरी तिची वाट बघत दारात बसायला लागलं होतं. त्याला कसं सोडायचं?

मग तिनं आणला दोर. एक टोक खांबाला, एक भिरक्याच्या गळ्यात. "बस" म्हणाली आणि ओढलं. भिरक्यानं उलटं ओढलं. ही जितकी ओढी, तितका तो फुगे. शेळीएवढा झाला, वासराएवढा झाला, खांब करकरला आणि अख्खं छप्पर टोपीसारखं वर! साळूबाईनं घाबरून दोर कापला. छप्पर खाली आलं आणि भिरक्या पुन्हा मांजराएवढा.

दुसऱ्या दिवशी तिनं घेतली काठी. मारली नाही हं, नुसती उगारली. भिरक्या सर्रकन जाऊन आढ्याला चिकटला. दिवसभर खाली येईना, काही खाईना. तो थरथरत होता आणि त्याच्याबरोबर चुलीतला जाळ थरथरत होता, देवापुढची वात थरथरत होती. साळूबाईला भरून आलं. तिनं ती काठी मोडून चुलीत घातली.

मग तिसऱ्या दिवशी तिनं काहीच आणलं नाही. अंगणात बसून राहिली. हातात भाकरीचा तुकडा. ओढलं नाही, ओरडली नाही, बोलावलंसुद्धा नाही. भिरक्यानं घराभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग तिच्यापुढे आला, वास घेतला आणि दमून खाली बसला. तो टेकला तोच साळूबाई म्हणाली, "बस!" आणि तुकडा त्याच्या तोंडात.

भिरक्यानं कान टवकारले. हे काय नवीन?

मग रोज तेच. बसला की तुकडा. भुंकला की साळूबाई पाठ फिरवायची, रागवायची नाही. कधी तो ऐकायचा, कधी मुद्दाम नाही ऐकायचा. एकदा तर टोपलीभर भाकऱ्या घेऊन पसार झाला! पण हळूहळू त्याला उमगलं. "बस" म्हटलं की बसायला लागला. आणि तो बसला की अंगणातलं पानसुद्धा हलत नसे.

आली पुनव. भर दुपारी डोंगराआडून घूं घूं असा आवाज यायला लागला. लोक बाहेर धावले आणि बघतच राहिले. डोंगरमाथ्यावरून कुत्री उतरत होती. एक नाही, दोन नाही, शेकडो! एकेक ढगाएवढं. सगळ्यांच्या पुढे भिरक्याची आई. तिचे डोळे म्हणजे दोन तळी. ती पिल्लाला हुंगत येत होती, आणि जिथे हुंगे तिथलं झाड मुळासकट वर येई. आता गाव उरत नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

आई थेट साळूबाईच्या अंगणापाशी आली आणि गुरगुरली. साळूबाईचे केस सुटले, पदर उडाला. पळावं असं वाटलं तिला. तेवढ्यात तिनं पाहिलं, ती एवढी मोठी आईसुद्धा कापत होती. पिल्लासाठी घाबरली होती बिचारी.

साळूबाई हळूच म्हणाली, "बस."

तिच्या पायाशी उभा असलेला भिरक्या पटकन बसला.

आईनं त्याच्याकडे पाहिलं. ना गळ्यात दोर, ना अंगात थरथर. आणि मग, बाळांनो, ती आभाळाएवढी आई खाली बसली. तिच्यामागचं कुत्रं बसलं. त्याच्यामागचं बसलं. डोंगरभर, रानभर, सगळं वादळ बसलं! एक पान हलेना. गोठ्यातली गाय रवंथ करत होती, तेवढंच काय ते ऐकू येत होतं. रायाजी पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढलं. त्यांची म्हातारी आई हात जोडून म्हणाली, "एवढे पावसाळे पाहिले, पण वारा बसलेला आज पाहिला गं बाई!"

साळूबाई दोन पावलं मागे सरली. "जा बाळा," ती भिरक्याला म्हणाली, "आई आलीय तुझी. तुला हवं ते कर. मी ओढणार नाही."

भिरक्या आईकडे धावला. आईनं त्याला चाटचाट चाटलं. मग तो वळून साळूबाईकडे आला. पुन्हा आईकडे गेला. पुन्हा साळूबाईकडे. शेवटी आईनंच त्याला नाकानं हळूच साळूबाईच्या पायाशी ढकललं. मग ती उठली, सगळा कळप उठला आणि गावावरून असा अलगद गेला, असा अलगद गेला, की अंगणातली एक पत्रावळसुद्धा जागची हलली नाही.

भिरक्या साळूबाईकडेच राहिला. मळणीला वारा पडला की लोक तिच्या दारी यायचे. "साळूबाई, भिरक्याला जरा भुंकू दे की!" मग भिरक्या भुंकायचा, भूस उडून जायचं, आणि खाली सोन्यासारखं धान्य. दर वैशाखात त्याची आई भेटायला यायची आणि अंगणाबाहेर शहाण्यासारखी बसायची.

साळूबाई सुखात राहिली, भिरक्या सुखात राहिला, अख्खं गाव सुखात राहिलं. चला, आता पाय पांघरुणात घ्या, डोळे मिटा, आणि निजा बघू गुपचूप.