रंगवलेली चावी

त्या राज्यात पाणी सगळीकडे होते, पण ओले व्हायची परवानगी कोणालाच नव्हती. राज्य भिंतीच्या आत होते, आणि जो जिथे बसवला जाई तो तिथेच आयुष्य काढी.

पाण्याच्या वाटेवर सुरुवातीलाच थोरली चावी होती. ती फिरवली की सारे पाणी थांबे, आणि थकलेल्याला सोडवून त्याच्या जागी नवा बसवता येई. म्हणून तिला मोठा मान होता. मान द्यायची रीत एकच होती. दर सणाला चावीला रंगाचा हात द्यायचा. फिरवायची मात्र नाही. मानाच्या बाईला कोणी जागचे हलवते का, असे सगळे म्हणत.

दुसऱ्या टोकाला, नळ आणि पाइप यांच्या सांध्यात, वायसर अडकलेला होता. रबराची एवढीशी चकती, पण पाण्याचा सगळा भार त्याच्या छातीवर असे. पूर्वी तो मऊ होता, म्हणून निभावले. आता तो कडक झाला होता आणि त्याच्या कडेला चीर पडली होती. चीर आरपार गेली की पाणी आवरणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

"थोरल्या बाई," त्याने पाइपातून हाक दिली, "एकदा फिरा. मला सोडवू द्या. माझ्याच्याने आता होत नाही."

"थेंबच तर गळतोय," चावी म्हणाली. "मी फिरले तर रंगाला तडा जाईल. चारचौघांत कशी दिसेन मी?"

"रंग पुन्हा देतील की."

"तुला रे काय कळतं त्यातलं? तुला कधी कोणी रंगवलंय का?"

मधला वाकडा पाइप हसला. "मला जन्मभर वाकवून बसवलंय, बाबा. मी करतो का तक्रार?"

थेंबांचा आवाज सणात बरा वाटेना, म्हणून सांध्याभोवती फडके गुंडाळले गेले. आवाज थांबला. गळती थांबली, असे सर्वांनी धरले. वायसरची हाकही फडक्यातच राहू लागली.

पाणी फडक्यातून भिंतीत उतरत होते. हळूहळू भिंत फुगली.

"भिंतवहिनी, अंग धरलंत हो," वाकडा पाइप म्हणाला.

"सण मानवला," भिंत लाजून म्हणाली.

ती कशाने भरत चालली आहे हे एकट्या वायसरला कळत होते. तो दात आवळून बसून राहिला. उठायला जागाच नव्हती.

एका सकाळी चीर आरपार गेली. पाण्याने फडके भिरकावले. भिंतीचे पोपडे ढासळू लागले, आणि पहिल्यांदाच सगळे एकसुरात म्हणाले, "थोरल्या बाई, फिरा."

"फिरते, थांबा," चावी म्हणाली. तिने जोर लावला. रंगाचे थर तिच्या मानेभोवती दगडासारखे बसले होते. तिने पुन्हा जोर लावला. ती तसूभरही हलली नाही.

दर सणाला रंग देणारा हात बाहेरून धावत आला. त्याने चावीची मूठ धरली आणि सगळी ताकद लावून पिळली. कट् असा आवाज झाला.

मान रंगातच रुतून राहिली. पाणी दोन तुकडे झालेल्या वायसरमधून उसळत होते, भिंत खाली बसत होती, आणि हातात आलेली चकचकीत मूठ आता हवी तिकडे फिरत होती.