पखाल्याचा पानमळा

एका गावात एक पखाल्या होता, हैबती त्याचं नाव. त्याची इस्टेट ती केवढी? एक रेडा आणि त्याच्या पाठीवरची पाण्याची पखाल. घरोघर पाणी घालावं आणि कमावलेली भाकरी खावी, एवढाच त्याचा संसार.

एके दिवशी सरकारी शिपाई दारात आला आणि थेट रेड्याच्या दाव्यालाच त्यानं हात घातला. "पानमळ्याचा बारा वर्षांचा सारा थकलाय. रेडा जप्त!"

"पानमळा? कुणाचा?"

"तुझाच की! दप्तरात तुझं नाव आहे."

 ज्या मळ्याचं एक पान कधी हैबतीच्या तोंडात पडलं नाही, त्याचा म्हणे तो मालक! मळा खरा गावातल्या श्रीमंत नरसूशेटचा. सारा चुकवायला शेटजींनी तो गुपचूप या गरिबाच्या नावावर चढवला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते असं!

हैबतीनं दाद मागितली, तसे चावडीवर न्यायाधीश बसले आणि शेटजींनाही बोलावणं गेलं. नरसूशेट हळूच हैबतीच्या कानाशी लागले, "मळा तुझाच आहे असं सांग. रेडा मी सोडवतो, वर दरसाल पोतंभर जोंधळा देतो."

 रेडा गेला तर उद्या हैबतीची चूल पेटायची नव्हती.

न्यायाधीशांनी बेलभंडार पुढे ठेवला. बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा हाती घेतला की खोटं बोलायचं नाही, अशी तिथली रीत. नरसूशेटनी तो खुशाल उचलला. "खंडोबाची आण, मळा माझा नाही!"

सारी चावडी सर्द झाली. अरे देवा, हा माणूस की कोण!

मग हैबतीनं उचलला.  "रेडा गेला तर जाऊ द्या, सरकार. देवापुढं खोटं कसं बोलू? मळा माझा नाही."

न्यायाधीश म्हणाले, "दोघांचाही नाही, तर मळा बेवारस. आजपासून तो सरकारजमा. हैबतीचा रेडा सोडा."

नरसूशेट ताडकन उठले. "अहो, असं कसं? एकेक वेल मी लावलाय! मळा माझाच आहे!"

"मग शपथ खोटी. तिची शिक्षा घेता?"

शेटजी मटकन खाली बसले. मळा सरकारजमाच राहिला.

तात्पर्य: सारा चुकवण्यासाठी जो आपली वस्तू आपली म्हणत नाही, त्याची ती राहत नाही.