चौकातली एक चूल

चौकातल्या जागेवर पाच कुटुंबांसाठी तीन मजली इमारत होऊ द्यायची की नाही, यावर नगरपरिषदेत सुनावणी होती. जागा गोदाक्काची. ती आणि तिच्या चार सोबतिणी त्याच चौकात खानावळ चालवत; ही पाच कुटुंबं त्यांचीच. परवानगी नाकारली, तर पाचही घरांना गावाबाहेर राहायला जावं लागणार होतं.

शेजारच्या बंगल्याचे तात्यासाहेब रणनवरे हरकत घेऊन उभे राहिले. "चौक म्हणजे गावाची शोभा. इथे एका जागेवर एकच कुटुंब राहावं."

सुनावणी घेणारे अधिकारी गावात नवीन होते. त्यांनी कुतूहलाने विचारलं, "पण एक कुटुंब ओळखायचं कसं?"

"त्यात काय अवघड? चुली मोजायच्या. जितक्या चुली, तितकी कुटुंबं. वाडवडिलांपासून हीच रीत आहे."

गोदाक्का शांतपणे म्हणाली, "साहेब, मला हा नियम मान्य आहे. तसंच लिहून घ्या."

सोबतिणी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"आमची पाचही घरं बारा वर्षं खानावळीच्या एकाच चुलीवर जेवतात. नव्या इमारतीतही स्वयंपाकघर एकच आहे, नकाशात बघा. म्हणजे आमचं कुटुंब एकच झालं. तात्यासाहेबांच्या बंगल्यात मात्र तिघा भावांच्या तीन चुली आहेत. होळीला तिघांच्या पुरणपोळ्या मीच वेगवेगळ्या पोचवते. आता त्यांतल्या दोन कुटुंबांनी कुठे जायचं, तेवढं साहेबांनी सांगावं."

अधिकाऱ्यांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं. "हे खरं का?"

तात्यासाहेबांनी हळूच आपला हरकतीचा अर्ज परत मागितला.