सोपानरावांची मोठी झेप

आमच्या ओढ्यापलीकडच्या गावात सोपान नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "अहो, दुधावर लक्ष ठेवा." यानं लक्ष ठेवलं. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, घरभर धूर झाला, पण पठ्ठ्याची नजर काही हलली नाही.

बायको वैजयंता. तिचा जीव होता त्याच्यावर. का होता ते देवाला ठाऊक.

तिचा बाप मात्र वैतागला होता. एक दिवस जीप घेऊन आला आणि म्हणाला, "जावईबापू, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एखादी नोकरी टिकवून दाखवा. नाही टिकली तर पोरीला घेऊन जाईन."

वैजयंता रात्रभर रडली. सकाळी म्हणाली, "अहो, मला कुठं जायचं नाही. साहेब सांगेल ते ऐका, फक्त तेवढं करा."

"ऐकतो की," सोपान म्हणाला. हीच तर पंचाईत होती.

तालुक्याला यशवर्धन सर होते. लीडरशिप ट्रेनर आणि कोच. मूळ नाव बबन. आधी त्यांनी पंप विकले, मग विमा विकला. काहीच खपेना तेव्हा नेतृत्व विकायला काढलं, आणि ते धडाक्यात खपलं! त्यांना स्पीकरचा खोका उचलायला माणूस हवा होता. शिवाय मोठा माणूस उशिरा येतो, हा सरांचा नियम. तोवर सभेला चार शब्द सांगायला कुणीतरी लागायचंच. सोपान लागला कामाला.

पहिल्याच दिवशी सरांनी शिकवलं, "हे बघ, आत शिरलं की सगळ्यांना उभं करायचं. टाळ्या वाजवायला लावायच्या. ओरडून विचारायचं, कसं वाटतंय? मजा येतेय ना?"

"बरं सर," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याचे म्हातारे चेअरमन वारले. शोकसभेला सरांना बोलावणं आलं. सोपान आधी पोचला. पांढऱ्या कपड्यातली माणसं, फोटोला हार, उदबत्तीचा वास. यानं सगळ्यांना उभं केलं आणि ओरडला, "वाजवा टाळ्या! कसं वाटतंय? मजा येतेय ना?"

दोन-चार संचालकांनी वाजवल्याही. त्यांची मजा खरी होती. पण चेअरमनच्या पोरांनी सोपानला उचलून बाहेर ठेवला.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे गाढवा, अशा ठिकाणी मान खाली घालून गप्प उभं राहायचं. मग जड आवाजात म्हणायचं, ही पोकळी कधीही भरून निघणार नाही."

"बरं सर."

पुढचा कार्यक्रम दूध डेअरीत. नव्या चेअरमनचा सत्कार. माणूस फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन खुर्चीवर बसलेला. सोपान समोर जाऊन मान खाली घालून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग जड आवाजात म्हणाला, "ही पोकळी कधीही भरून निघणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "खरंय बाबा." फेटेवाले जाम भडकले.

सरांनी फैलावर घेतलं. "अरे, तो नवा माणूस! हार घालायचा, म्हणायचं, कालचं विसरा, जुनं मोडीत काढा, नवा गडी, नवा डाव!"

"बरं सर."

तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला सरांनी ठेवला कसा? तर शिबिराला शेकड्यानं माणसं यायची, जेवायची आणि घरी जायची. सरांचं बोलणं मनावर घेणारा हा एकटाच होता. सरांना तेवढंच बरं वाटायचं.

मग साखर कारखान्याच्या नव्या चेअरमननी सरांना घरी बोलावलं. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. सर खूष. इथं छाप पडली की वर्षभराचं कारखान्याचं काम मिळणार! सोपान पुढे गेला. आजोबा-आजी पाटावर बसलेले. यानं आजींच्या गळ्यात हार घातला आणि गरजला, "आजी, कालचं विसरा! जुनं मोडीत काढा! नवा गडी, नवा डाव!"

आजोबा काठी शोधू लागले. आजी म्हणाल्या, "मेल्या, आत्ता येतोस होय? इतकी वर्षं कुठं होतास?"

काम गेलं. आता सोपानला काढायचाच, असं सरांनी ठरवलं. पण 'काढलं' हा शब्द सर कधी वापरत नसत. तोच तर त्यांचा धंदा. त्यांनी सोपानला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि गोड हसून म्हणाले, "तुझी झेप मोठी आहे. इथं तू अडकून पडशील. मी तुला मोकळं करतो."

सोपानचे डोळे भरून आले. "सर, उद्या कधी येऊ?"

"उद्या तू मोकळा."

"आणि परवा?"

"परवाही."

"सर, मी नसलो तर तुमचं कसं व्हायचं? थांबू का?"

"नको, नको!" सर घाईनं म्हणाले. "जाणाऱ्याला कधी अडवायचं नसतं. हसून टाळ्या वाजवायच्या." आणि त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

तो दिवस पाडव्याचा. सोपान नाचतच घरी आला. सासरे ओट्यावर, जीप दारात. अंगावरची शाल बघून वैजयंता हरखली. "बघा आबा! सत्कार झाला यांचा. टिकली ना नोकरी?" सासरेही वरमले. वैजयंतानं पाट मांडला, निरांजन लावलं, नवऱ्याला ओवाळलं.

आता ओवाळणी घालायची. सोपाननं विचार केला, आपल्याला आज जे सगळ्यात चांगलं मिळालं तेच हिला द्यावं. त्यानं बायकोला शाल पांघरली, ओटीत नारळ घातला आणि गोड हसून म्हणाला, "वैजू, तुझी झेप मोठी आहे. इथं तू अडकून पडशील. मी तुला मोकळं करतो."

वैजयंतानं तबक खाली ठेवलं. "अहो, हे काय बोलता?"

"खरंच! सरांनी आज मला अगदी असंच केलं."

सासरे उठले. "म्हणजे नोकरीही गेली. चल पोरी."

पिशवी भरून ती दारात थांबली. रडत म्हणाली, "अहो, नुसतं 'थांब' म्हणा. मी थांबते."

सोपानला वाटत होतं, म्हणावं. फार वाटत होतं. पण जाणाऱ्याला अडवायचं नसतं. तो हसला आणि जीप वळणापार जाईपर्यंत टाळ्या वाजवत राहिला.

हल्ली सोपान एकटाच राहतो आणि स्वतःची शिबिरं घेतो. विषय, 'आपली माणसं कशी टिकवावीत'. बसायला खुर्ची मिळत नाही हो!