टिटवीचे शब्द, बुलबुलाची चाल

रानातली नदी कधी आटलीच नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. टिटवीने एक गाणं रचलं होतं: 'नदी आटली तर काळ्या खडकापाशी वाळू उकरा, खाली पाणी आहे.' ही खूण तिला तिच्या आईने सांगितली होती. पण ते गाणं कुणी ऐकत नव्हतं. सगळं रान बुलबुलाचं 'टुरू टुरू टू' गुणगुणायचं.

"गाण्याला अर्थ कशाला लागतो?" रानडुक्कर म्हणालं. "चाल चांगली असली की झालं."

टिटवी चिडली, पण हटली नाही. ती थेट बुलबुलाकडे गेली.

"बुलबुलदादा, तुझी चाल मला दे. शब्द माझे घालते."

"शब्दांकडे कुणी लक्ष देणार नाही, बाई."

"नाही दिलं तरी चालेल. तोंडात तर बसतील."

गाणं रानभर झालं. शब्दांकडे खरंच कुणी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात नदी आटली. तहानेने व्याकूळ झालेलं रानडुक्कर सवयीने तेच गाणं गुणगुणत कोरड्या पात्रातून चाललं होतं. काळ्या खडकापाशी ते थबकलं. इतके दिवस ते गाणं गात होतं. आज पहिल्यांदा त्याने ते ऐकलं.

मग त्याने वाळूत नाक खुपसलं.