बंपरवरचं झाकण

गाड्यांना वाचा होती आणि त्या ती भरपूर वापरत, तेव्हाची गोष्ट. निवेदिताची नवी छोटी एसयूव्ही स्वतःच्या चेहऱ्यावर फार खूश होती. एकदा ती समुद्रकिनाऱ्यावर मिरवायला गेली आणि ओल्या वाळूत रुतली. भरती चढत होती.

किनाऱ्यावरचे तांडेलकाका मासळी वाहायचा ट्रॅक्टर घेऊन आले. "ताई, गाडी ओढायचा हुक काढा लवकर."

निवेदिताने डिकीतून लोखंडी हुक आणला आणि तो बसवायला बंपरवरचं झाकण उघडू लागली. गाडीने ते घट्ट आवळून धरलं. "शी! तोंडाला भोक दिसेल. दोर बंपरलाच बांधा."

"अगं, तो प्लास्टिकचा आहे," ट्रॅक्टर म्हणाला. पण गाडी ऐकेना. शेवटी दोर बंपरला बांधला. एक हिसका बसला आणि बंपरचा कोपरा कडकन निखळला. तेवढ्यात लाट थेट दारापर्यंत आली.

"उघडते, उघडते!" गाडी रडकुंडीला आली.

निवेदिताने हुक जेमतेम दोनदा फिरवला. "एवढ्यावर मी सुटून उडेन," हुक म्हणाला, "पुरता आत जाईपर्यंत फिरव." तिने तो पान्याने आवळला. ट्रॅक्टरने सावकाश, सरळ रेषेत ओढलं आणि गाडी कोरड्या जागेवर आली.

निवेदिता हुक काढू लागली, तर गाडी लाजत म्हणाली, "राहू दे ना, पेट्रोल पंपापर्यंत."

पंपावर शेजारच्या गाडीने विचारलं, "हे काय गं नाकात?"

"नथ," गाडी म्हणाली. "तुझ्याही डिकीत असेल. बघ एकदा."