कुलपाची खूण

एकदा एका पेठेतल्या कापडाच्या व्यापाऱ्याने वयाच्या चाळिसाव्या वर्षी बोलायला शिकायचे मनावर घेतले. तोंडाने तो बोलत असे, नको तितके बोलत असे. साडी घ्यायला आलेल्या बाईच्या गळ्यात दोन खणही मारी. पण त्याची सात वर्षांची मुलगी गिरिजा जन्मतः बहिरी होती. ती आणि तिची आई हातांच्या खुणांनी दिवसभर गप्पा मारत, भांडत, हसत. बाप घरी आला की त्याच्या वाट्याला जेवणाची खूण येई आणि झोपायची. मुलीने आपल्यालाही काही सांगावे, एवढेच त्याला हवे होते.

गावाबाहेर एक वृद्ध गुरुजी राहत. ते स्वतः बहिरे होते आणि त्यांची सारी हयात बहिऱ्या मुलांना शिकवण्यात गेली होती. व्यापारी रोज सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागला. तो डावखुरा होता. दुकानात कात्री डाव्या हातानेच चालवी. पण कुणाला काही द्यायचे तर उजवा हात पुढे करायचा, हे त्याच्या आईने लहानपणी पट्टीचे फटके देऊन अंगी मुरवले होते. लेकीला शब्द द्यायचे, तेही देणेच. म्हणून खुणा तो कटाक्षाने उजव्या हाताने करी. वर्षभरात त्याने हजारभर खुणा घोटल्या आणि त्यांतली एक चुकत नसे. तरी गिरिजा त्याच्या हाताकडे घटकाभर पाही आणि मग खिडकीबाहेर बघत बसे.

बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला खुणेचे एक नाव मिळते, त्याच्या एखाद्या विशेषावरून. गिरिजाच्या आईचे नाव गालावरची खळी, गुरुजींचे मिशीचा पीळ. एके दिवशी गिरिजाने बापाचेही नाव ठेवले. मूठ घट्ट आवळली आणि तिच्यावर बोट टेकवले: कुलूप. व्यापारी हरखून गेला. "दुकानाच्या कुलपावरून ठेवलंय बघा," असे त्याने खुणांनी गुरुजींना सांगितले. गुरुजींनी मिशीला पीळ दिला आणि त्या दिवशीचा पाठ लवकर संपवला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा गुरुजींनी छपराला शिडी लावली होती. वेलीवरचा दुधी जमिनीवरून हाताला येईल इतका खाली लोंबत होता, तरी पंच्याहत्तरीचा तो माणूस वर चढायला निघाला. चढण्याआधी त्यांनी शिष्याचा उजवा हात धरून शिडीच्या दांड्यावर ठेवला आणि बजावले, "हा सोडलास तर मी पडेन."

वर गेल्यावर त्यांनी दुधीकडे पाहिलेही नाही. एका हाताने छप्पर धरून दुसऱ्याने विचारले, "पोरीला ऐकू येत नाही, हे तुला कधी कळलं?"

म्हाताऱ्याला हे शिडीवर कुठून सुचले, व्यापाऱ्याला कळेना. उजवा हात तर अडकलेला. नाइलाजाने त्याने डावा उचलला, आणि उचलताना जरा लाजलाच. "ती दीड वर्षाची होती. दुकानात रिळं मांडत बसली होती. माझ्या हातून शटर सुटलं, धाडकन." तो डावा हात असा कोसळला की छपरावरची चिमणी उडाली. "तिनं मान वर केली नाही. मी शटर पुन्हा वर नेलं, पुन्हा सोडलं. तीनदा." सांगता सांगता त्याचे डोळे, भुवया, ओठ सगळे बोलू लागले होते, आणि ते त्याच्या ध्यानातही आले नाही.

गुरुजी हलके खाली उतरले आणि ओट्यावर त्याच्यासमोर बसले. देताना उजवाच हात, अशी आईची शिकवण होती, असे सांगून व्यापाऱ्याने डाव्या हाताची माफी मागितली.

"खुणा तुला वर्षभर येत होत्या," ते म्हणाले. "पण उजव्या हाताने तू आधी शब्द जुळवायचास, मग दाखवायचास, तेवढ्यात तुझा चेहरा दगड व्हायचा. पोरीला शब्द दिसत होते, बाप दिसत नव्हता. तुझ्या आईने प्रसाद उजव्या हाताने द्यायला शिकवलं, ते बरोबरच. पण बोलणं ही ताटातून उचलून द्यायची वस्तू नाही. ते ज्या हाताला आपणहून येतं, त्या हाताचं. आमच्यात डावरे डाव्यानेच बोलतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही."

"पण तिला ते उलटं दिसेल ना?"

"समोर बसलास की तुझा डावा तिच्या उजव्यासमोर येतो, आरशात येतो तसा. तिला सोपंच जाईल."

व्यापाऱ्याने आपला डावा हात उघडून पाहिला. मग त्याने विचारले, "ते कुलूप दुकानाचं नव्हतं तर?"

"नव्हतं," गुरुजी म्हणाले, आणि बसल्या जागेवरूनच हात लांबवून त्यांनी दुधी तोडून त्याच्या हवाली केला.

संध्याकाळी तो गिरिजासमोर बसला आणि शटरची गोष्ट त्याने डाव्या हाताने सांगितली. ती खिडकीकडे वळली नाही. संपल्यावर तिने विचारले, "चौथ्यांदा का नाही सोडलं?"

"भीती वाटली," तो म्हणाला.

गिरिजाने जरा विचार केला. मग ती त्याच्या जवळ सरकली आणि आपल्याला कशाकशाची भीती वाटते, ते सांगू लागली. यादी मोठी होती. अंधार होता, शेजारची गाय होती, शाळेतली एक मुलगी होती. दुधीची भाजी गार होऊ लागली, तशी आई दारात येऊन गिरिजाला खुणावू लागली, "कुलपाला घेऊन जेवायला ये."

गिरिजा उठली, आईची आवळलेली मूठ तिने हातात धरली आणि तिचे एकेक बोट उघडले.